अन्सेल्मोच्या खुर्चीतला खर्ज

अन्सेल्मो खुर्चीतून उठला, क्रॉसओव्हरचं बटण ऐंशीवरून शंभरावर नेलं, येऊन बसला आणि पुन्हा उठला. जेवण झाल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. पडद्यावर तेच वादळ पुन्हा पुन्हा फुटत होतं आणि त्याच्या कानापर्यंत खर्ज काही पोचत नव्हता.

जहाजाच्या इंजिनात एक नट सैल झाला तरी याला झोपेत कळायचं, आणि घरातला सबवूफर मात्र दाद देत नव्हता. बारीक आवाज स्पीकरांनी काढायचा, जाड आवाज कोपऱ्यातल्या काळ्या खोक्याने. दोघांमधली हद्द, म्हणजे हा क्रॉसओव्हर, नीट आखली की झालं. पण शंभरावर माणसं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटत आणि साठवर वादळ नुसतंच फडफडे.

गुरुवारी त्याला मनिलाला जाऊन पुन्हा कामाच्या बोटीवर चढायचं होतं. त्याआधी एक संध्याकाळ तरी आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसून धड सिनेमा बघायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. अख्खी सुट्टी गेली, तेवढंही जमलं नव्हतं.

"आम्हाला इथे मस्त ऐकू येतंय, ताताय," लेक जेनलिन बापाला म्हणाली. ती आणि तिची आई नेनिता खाली चटईवर पसरल्या होत्या. मध्ये साखरेत तळलेल्या केळ्यांची बशी.

"तिथे कुणालाही येईल. इथे बसून बघ."

जेनलिन उठून खुर्चीत टेकली. तिने मान तिरकी केली. "अय्या, खरंच! फक्त इथेच काही नाही."

"त्या खुर्चीवर वर्षभर धुतलेले कपडे असतात," नेनिता म्हणाली. "कपड्यांनी कधी कुरकुर केली नाही बाई."

मायलेकी खिदळल्या. अन्सेल्मोही हसला, पण ते त्याला लागलं. त्याने खोका भिंतीपासून ओढला, परत ढकलला, वायरी उलटसुलट केल्या. घाम पुसत तो पुन्हा बटणाशी गेला.

"राहू द्या ना, ताताय," जेनलिन मायेनेच म्हणाली. "गुरुवारी तुम्ही गेलात की मी लावीन परत पहिल्यासारखं."

अन्सेल्मोचं बोट बटणावरच राहिलं. नेनिताने लेकीला कोपराने ढोसलं, पण बोलणं निघून गेलं होतं.

"आधी किती होतं?" त्याने मागे न वळता विचारलं.

"नव्वद. चटईवर बसूनच लावलं होतं मी. आम्ही इथेच बसतो ना."

त्याने नव्वद केलं. खोका होता त्या जागी नेला; फरशीवर त्याच्या पायांचे जुने डाग होते, त्यावर तो बरोबर बसला. मग अन्सेल्मो खुर्चीजवळ येऊन जरा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि येऊन चटईच्या कडेला बसला.

वादळ फुटलं. या वेळी ते फरशीतून आलं, थेट त्याच्या पाठीत शिरलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने सर्दी झाल्याचं सोंग करत नाक ओढलं.

नेनिताने पडद्यावरची नजर न हलवता पाय आखडून घेतले आणि केळ्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"हं," ती म्हणाली, "आता उठू नकोस."