डावा बॉक्स

“अर्धाच धवला वाजवू काय उद्या मांडवात? अर्धाच? लोक हसतील आजे!”

“हसूंदे. तू हात नको लावू त्याला.” ठमाबाई परातीतल्या तांदळाला हळद चोळत होती, उद्याच्या अक्षतांची. “आनि अर्ध्याचं तू मना नको सांगू. शाला कुठवर केलीस रं?”

प्रितमच्या डोक्यात सणक गेली. नववीतच त्यानं शाळा सोडलेली, आणि आजी ते हुकमाच्या पत्त्यासारखं जपून ठेवायची. बरोबर वेळेला टाकायची. त्यानं स्क्रूड्रायव्हर दातात धरला आणि डावा स्पीकर उलटा केला.

उद्या त्याच्या बहिणीचं लग्न. तिचं नाव पूर्वी. विचुंब्यात आगऱ्याच्या घरचं लग्न, म्हणजे डीजे एक वेळ नसला तरी चालेल, धवला पाहिजेच. बायकांनी धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आणि धवला म्हणजे ठमाबाई आणि तिची जोडीदारीण मालू. मालूनं ओळ टाकायची, ठमाबाईनं झेलायची. जन्मभर हेच. नेऱ्यापासून जासईपर्यंत लोक गाडी पाठवून दोघींना न्यायचे.

गेल्या पावसाळ्यात मालू गेली. तिच्या बाराव्याला ठमाबाईनं चारचौघांत सांगून टाकलं, “मालू गेली, माजा धवला बी गेला.” नातीचं लग्न ठरलं तरी बाई हलली नाही. नात रडली, रुसली, मग एक दिवस अचानक गप्प झाली.

म्हणून प्रितमनं तोडगा काढला. निकेश साउंडवाल्यानं मागं एकदा दोघींना समोरासमोर बसवून धवला रेकॉर्ड केलेला. दोन माइक लावलेले. मालू उजव्या बाजूला, ठमाबाई डाव्या. ते बहिणीच्या लॅपटॉपमध्ये होतं. तेच लावायचं, विषय संपला. आणि आज लावून बघतो तर डावा बॉक्स ठार मेलेला. उजव्यातून मालूची ओळ यायची. मग नुसतं शांत. परत मालू. परत शांत.

त्यानं वायर मुळाशी दाबून बघितली. पिन शर्टाला पुसून परत घातली. डाव्या बॉक्सला दोन टपल्या मारल्या.

“मारतोस काय त्याला!” ठमाबाई कळवळली.

“मग तू सांग ना काय झालंय त्याला!”

“काय नाय झालं. चांगला हाय तो.”

“चांगला हाय म्हणे. मढं हाय ते!”

बहीण पनवेलला मेंदी काढायला गेलेली, नाहीतर तिलाच विचारलं असतं. प्रितमनं पिन काढून आपल्या मोबाईलमध्ये घातली. गाणं लावलं, तर दोन्ही बॉक्स असे दणाणले की ओट्यावरची मांजर उडाली. म्हणजे बॉक्स धडधाकट. वायर पण. भानगड लॅपटॉपमध्येच होती.

त्यानं पिन परत लॅपटॉपला लावली आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरला. उजवी बाजू फुल्ल. डावी शून्यावर. हे काही आपोआप बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी हातानं खाली ओढलेलं.

त्यानं डावी बाजू वर सरकवली.

मालूनं ओळ टाकली, “आंब्याचा डहाला कोनी गो बांधिला...” आणि डाव्या बॉक्समधून ठमाबाईचा तेव्हाचा टणटणीत आवाज आला, “मामानं बांधिला गो, दारी बांधिला...” सगळं घर भरलं. प्रितम खूश होऊन वळला.

आजीनं तोंड भिंतीकडं फिरवलेलं.

“बंद कर ते.”

“अगं तुझाच आवाज हाय तो!”

“म्हनून तर बंद कर.” तिनं हळदीच्या हातानंच पदर डोळ्यांना लावला. “पूर्वीला मीच सांगितलं माजा आवाज काडून टाक. त्याच्यात मी आदीच झेलून बसलेय. मग आता मी काय करू? टाल्या वाजवू?”

प्रितमला आधी काही कळेना. मग दिसायला लागलं. रोज दुपारी आजी आपला पाट या डाव्या बॉक्सशेजारीच का टाकायची. हिला खोकला नाही की पडसं नाही, तरी हप्ताभर दाताखाली ज्येष्ठमधाची काडी का. तो घरात शिरला की ही लॅपटॉपचं झाकण पेटीसारखं धाडकन का मिटायची.

चारचौघांत बोललेली बाई ती, शब्द मागं कसा घेणार? गुपचूप तयारी करत होती. मालूबरोबर.

“आजे, थांब,” तो म्हणाला. त्यानं डावी बाजू हळूच परत शून्यावर आणली. गाणं पहिल्यापासून लावलं.

मालूनं ओळ टाकली. मग शांत झालं. ती शांतता ठमाबाईच्या हातून तशीच निसटली. दुसरी ओळ आली. तीही निसटली. तिसऱ्या ओळीला ती भिंतीकडं तोंड ठेवूनच गायली. आवाज चिरका, म्हातारा, मध्येच फाटणारा. पण मालू जिथं थांबली, बरोबर तिथून उचललेला. मालू पुढची ओळ टाकायला आली तेव्हा तिला जराही थांबावं लागलं नाही.

मोबाईल वाजला. निकेश. प्रितम फोन घेऊन ओट्यावर गेला, दार ओढून घेतलं.

“काय रे, डावा चालू झाला काय?”

“नाय. तो बंदच ठेवायचाय. उद्या मांडवात धवल्याला एकच बॉक्स लाव, उजवीकडं. आणि डावीकडं एक माइक.”

“माइक? बोलणार कोण?”

“बोलायला नाय रे, झेलायला,” प्रितम म्हणाला. “चांगला माइक काढून ठेव, मी न्यायला येतोय. चल ठेव, निघतो मी आता.”