चारित्र्याचा तास

इंगवले सरांच्या टी-शर्टवर पाठीमागे तीन शब्द छापलेले होते: कौशल्य, जिद्द, चारित्र्य. कौशल्य त्यांचा सहायक शिकवायचा. जिद्द आम्ही पालक कडेला उभे राहून, घसा फोडून शिकवायचो. चारित्र्य मात्र सर कुणावर सोडत नसत. दर रविवारी सराव संपला की पोरांना उन्हात बसवून, स्वतः छत्रीखाली उभे राहून प्रामाणिकपणावर बोलत.

फुटबॉलच्या फायनलला आम्ही बरोबरीत होतो. अगदी शेवटी राजनंदिनीने बॉल जाळ्यात घातला. फटाके फुटले, सर तर नाचायलाच लागले. तेवढ्यात पोरगी सरळ रेफरीकडे गेली आणि म्हणाली, "बॉल माझ्या हाताला लागला होता."

गोल रद्द झाला. पेनल्टी शूटआऊटमध्ये मॅच गेली.

"रेफरीला दिसलं नव्हतं ना? मग गप्प बसायला काय झालं होतं तुला?" सर सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले.

बक्षीस समारंभात खिलाडूवृत्तीचा छोटा कप आमच्या संघाला जाहीर झाला. घ्यायला सर धावतच स्टेजवर गेले. "आम्ही आधी माणूस घडवतो, मग खेळाडू," असं माईकवरून सांगूनही टाकलं.

पाहुण्या बाईंनी राजनंदिनीला वर बोलावून घेतलं. "बाळ, खरं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

सरांनी कॉलर नीट केली.

"सरांनीच," ती माईकमध्ये म्हणाली. "पण रेफरीला दिसलं नसेल तर गप्प बसायचं, हे त्यांनी मॅच संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मोठा कप मिळाला असता."