भात होईपर्यंत

दोन पोरं एकाच मोटरसायकलवरून उतरली, पण एकमेकांकडे बघत नव्हती. पुढच्याने गाडी लावली, मागच्याने फाटक उघडलं. चांगदेव पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता.

"काका, सगुणामावशी हाय का घरात?" मागच्याने विचारलं.

चांगदेवचा हात थांबला. कोण तुम्ही, असं त्याने विचारलं. मागचा पेणचा दिपेश, गाडी चालवणारा किहीमचा प्रज्योत. दिपेशनेच सांगितलं, प्रज्योतचं नाव घेताना त्याने मागे न बघता नुसता अंगठा दाखवला. दोघेही मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळायचे. जिल्ह्यातली तीन-साडेतीनशे पोरं तो खेळ मिळून खेळायची, खेळताना ग्रुपवर बोलायची आणि बोलता बोलता भांडायची. भांडणं मिटवायचं काम मावशीचं.

"कोणती मावशी?"

"तुमच्याच घरातली, काका," प्रज्योत म्हणाला. "तिचा आवाज ऐकला की भल्याभल्यांची तंतरते."

पोरं घर चुकली, असं चांगदेवला वाटलं. त्याची बायको सगुणा कानात वायर घालून गॅसपुढे बोलत असायची, हे त्याला ठाऊक होतं. 'गप बसा मेल्यांनो' हेही त्याने कितीदा ऐकलं होतं. मुरूडच्या भाचरांशी बोलत असेल, असं तो धरून चालला होता. विचारलं कधीच नव्हतं.

मग दोघे सांगायला लागले. एकाने सोडलेलं वाक्य दुसरा उचलायचा, पण दोघेही बोलत होते ते चांगदेवशी. भांडण पेटलं की मावशी म्हणायची, थांबा, भात टाकलाय. भात होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. लिहायचंही नाही. माइक सगळ्यांचे बंद, तिचासुद्धा. तेवढ्यात निम्मा राग उतरायचा. मग ती 'झाला' म्हणायची, आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याला सगळ्यात शेवटी बोलायला द्यायची.

या वेळचं भांडण ह्या दोघांचंच. प्रज्योतने खेळात दिपेशला एकटं टाकलं, दिपेशने त्याची आई काढली. दोन्हीकडची पोरं मध्ये पडली आणि खेळ राहिला बाजूला. काठ्या घेऊन वडखळ नाक्यावर या, इथवर गोष्ट गेली. तेव्हा मावशी म्हणाली, भात टाकलाय.

"आणि मग 'झाला' म्हणालीच न्हाय," दिपेश म्हणाला. "फोन पण बंद. आम्ही अजून गप."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळे. मुक्याने खेळतो आणि पटापट मरतो."

मावशी या वेळी फार चिडली, अशी सगळ्यांची समजूत होती. पण आता काहींचा धीर सुटला होता. एकेकट्याला फोन करून त्यांनी रविवारी काठ्या घेऊनच वडखळला जमायचं ठरवलं होतं. मावशीने एकदा 'झाला' म्हटलं की हे दोघे सगळ्यांसमोर बोलून मिटवणार होते. तिच्या आधी बोलले तर कोणी ऐकणार नव्हतं. म्हणून दोघे तिच्या पाया पडायला आले होते.

चांगदेव उठला. त्याने लोटलेलं दार पूर्ण उघडलं. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

दिपेश बोलत होता तो मध्येच थांबला. प्रज्योतने हेल्मेट छातीशी धरलं. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी हीच का, असं कोणी विचारलं नाही.

"कधी, काका?"

"त्याच दिवशी," चांगदेव म्हणाला. "करपल्याचा वास आला म्हणून वाडीतून आलो. ओट्याखाली पडलेली. गॅस मीच बंद केला."

तिच्या कानातली वायर त्यानेच काढली होती. तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं. फोन बंद असेल, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. फोन चालू होता. पलीकडे साडेतीनशे पोरं गप बसली होती.

तो उंबऱ्यावर बसला. पोरंही जिथं होती तिथंच खाली बसली.

मग तो उठून आत गेला. करपलेला टोप मोरीच्या कोपऱ्यात पाणी घालून तसाच पडला होता. त्याने दुसरा टोप घेतला, तांदूळ धुतले आणि तांब्या हातात धरून उभा राहिला. पाणी किती, ते त्याला कधी माहीत नव्हतं. प्रज्योत दारात आला होता. त्याने बोट वर करून एक पेर दाखवलं. चांगदेवने तांदळांवर तेवढं पाणी घातलं आणि गॅस पेटवला.

दिपेशने मोबाईल काढला आणि ग्रुपवर माइक चालू केला.

"मावशीच्या घरातनं बोलतोय," तो म्हणाला. "मावशी राहिली न्हाय. काकांनी भात टाकलाय."

त्याने मोबाईल ओट्यावर टोपाशेजारी ठेवला. माइक चालूच ठेवला. पडद्यावर एकेक नाव यायला लागलं. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. कोणी काही बोललं नाही. पाण्याला उकळी आली, झाकण थडथडायला लागलं, मग तेही शांत झालं.

वास सुटला. प्रज्योतने झाकणाकडे हात नेला. दिपेशने त्याचं मनगट धरून हात खाली घेतला आणि सोडला नाही.

भात झाला होता. वासावरून ते चांगदेवलाही कळलं. दोघे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"अजून नाही," तो म्हणाला, आणि त्याने गॅस बारीक केला.