खरमाटे बाईंचा आवाज

"दळण बारीक हवंय हो," गिरणीत डबा ठेवता ठेवता खरमाटे बाई म्हणाल्या. तो आवाज ऐकताच शेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीने कान धरले आणि उठाबशा काढायला सुरुवात केली.

"अगं, हे काय?" बाईंनी विचारलं, तर ती रडायलाच लागली.

"तुमच्याच तासाला असते की ही," तिची आई फणकारली. "अपूर्णांक चुकला की रोज मठ्ठ म्हणता, उठाबशा काढायला लावता तिला!"

निवृत्तीच्या वेळी बाईंनी आपला चेहरा आणि आवाज एका कंपनीला दिला होता. आता घरोघरच्या पडद्यावर यंत्रातल्या खरमाटे बाई गणित शिकवायच्या. खऱ्या बाईंनी तीस वर्षांत एकाही लेकराला मठ्ठ म्हटलं नव्हतं.

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला.

"दोन पद्धतींची तुलना चाललीय, मॅडम," तिथला साहेब म्हणाला. "निम्म्या मुलांना समजावणाऱ्या बाई, निम्म्यांना ओरडणाऱ्या. ओरडणाऱ्यांकडे मार्क जास्त पडले. सोमवारपासून सगळ्यांना त्याच."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज वाटत नाही? माझ्या तोंडून लेकरांना शिव्या घालता? आत्ताच्या आत्ता बंद कर ते, नालायका!"

"मॅडम," साहेब हरखून म्हणाला, "परत एकदा म्हणा ना. आमच्या यंत्राला इतका खरा राग जमत नाही."

बाईंनी फोन आपटला आणि वळून पाहिलं. पोरगी पुन्हा कान धरून उठाबशा काढत होती.