चौदावं पातं

चौदाव्या पात्याला प्रोपेलर अडला, आणि मोहिद्दीनभाईंच्या हातांनी त्यांना न विचारताच तो वीतभर उलटा फिरवला. मग पुढे ढकलला. आता तो गपगुमान फिरला. पंधरा, सोळा, सतरा, अठरा.

"अठरा! खलास!" ते ओरडले.

गल्फमध्ये खलास म्हणजे काम झालं. त्यांच्या रत्नागिरीला मात्र खलासचा अर्थ वेगळा, आणि तोच आता कानात घुमायला लागला.

हातांचा तरी काय दोष? चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत गेलेली. जहाजाचं इंजिन दोन्हीकडे फिरतं. अडलं की जरा मागे घ्यायचं, पुन्हा पुढे. पण हे विमानाचं इंजिन होतं, जुन्या घडणीचं, नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. असं इंजिन नुसतं उभं राहिलं तरी तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचतं. म्हणून सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवत अठरा पाती मोजायची, आणि मध्येच अडला तर खालचा प्लग काढून तेल सोडून द्यायचं. उलटा फिरवला, तर तेल हवेच्या नळीत चढून लपून बसतं. इंजिन सुरू झालं की ते परत सिलिंडरात येतं आणि आतला दांडा वाकवतं. कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी, विमान वर असताना.

फुजैराबाहेरच्या या हँगरात येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला हे सगळं मोहिद्दीनभाईच पढवत. भिंतीवर लाल रंगात 'उलटा फिरवू नका' असं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत त्यांनीच रंगवलं होतं. अक्षर वाकडं, पण हुकूम सरळ.

विमानात पुढे प्रल्हाद बसला होता. ऑइल टर्मिनलमधला मॅनेजर, विमानाचा मालक, आणि या इंजिनापायी बायकोची बोलणी खाणारा. मागच्या सीटवर त्याची मुलगी शुभ्रा, पहिल्यांदाच वर जाणारी. तिच्या आईचा, शोभनाचा, सकाळीच फोन येऊन गेला होता. "भाई, ह्यांचं काही खरं नाही. तुमच्या भरवशावर पाठवतेय हं पोरीला."

प्रल्हाद, थांब, मी चुकलो. एवढंच सांगायचं होतं. चार शब्द. पण समोर ती लाल अक्षरं दिसत होती. वीतभरच तर फिरवला, त्यांनी स्वतःला समजावलं. गेलंही नसेल नळीत काही. मग आठवलं की अडलेला प्रोपेलर नंतर किती सहज फिरला. तेल कुठेतरी गेलं होतं, म्हणूनच तो फिरला होता.

"मॅग्नेटो ऑन!" प्रल्हाद ओरडला. "भाई, बाजूला व्हा. यल्ला, चला!"

मॅग्नेटो ऑन म्हणजे ठिणगी तयार. आता पातं नुसतं हललं तरी इंजिन उसळी घेऊ शकतं, आणि जवळच्या माणसाचा हात खांद्यापासून जातो. हेही मोहिद्दीनभाईच पढवत.

"अंकल, व्हिडिओ काढा हां! डोन्ट मिस द टेक-ऑफ!" मागून शुभ्राने अंगठा दाखवला.

प्रल्हादचा हात स्टार्टच्या बटणाकडे गेला. मोहिद्दीनभाई दोन पावलं पुढे आले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पातं कवटाळलं. छाती त्याला टेकवून, डोळे घट्ट मिटून ते उभे राहिले.

शुभ्रा किंचाळली. स्विच बंद झाल्याचा खटका वाजला. प्रल्हाद पंखावरून उडी मारून खाली आला.

"डोकं फिरलंय का तुमचं? दाबलं असतं ना मी बटण!"

मोहिद्दीनभाईंनी पाना घेतला, मघाशी संपवलेल्या करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा कागदी कप उचलला आणि इंजिनाखाली गुडघे टेकले. खालच्या हवेच्या नळीचं बूच सोडवायला त्यांना तीनदा पाना लावावा लागला. काळं तेल आलं. थेंब थेंब नाही, धार लागली. कप काठोकाठ भरला, तरी धार थांबेना. ती त्यांच्या बोटांवरून वाहत राहिली.

"पपा, इज दॅट बॅड?" शुभ्राने विचारलं.

प्रल्हादने कपाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या अक्षरांकडे.

"कुणी फिरवला उलटा?"

प्रश्नाला अर्थ नव्हता. सकाळपासून प्रोपेलरला एकाच माणसाचा हात लागला होता.

"मी."

प्रल्हाद तिथेच विमानाच्या चाकाला टेकून बसला.

"अहो, मग हाक मारायची ना. स्विच चालू होता, भाई. माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग?"

मोहिद्दीनभाईंनी भरलेला कप जपून जमिनीवर ठेवला.

"हाक मारली असती तर का मारली ते सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "त्यापेक्षा पातं धरणं सोपं वाटलं."