गोळ्या बंद
शिवणकाम करणाऱ्या ताईचा रंगारी भाऊ तीन वर्षं सुईच्या नशेपासून लांब होता, तो रोज जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या जोरावर. त्याच्या रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरला सूज निघाली. डॉक्टरांना न विचारताच तिने गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. “ताई, अंग मोडून येतंय गं. एकच दे.” “गोळ्यांनीच तुझं लिव्हर खाल्लंय, बाळा. कळ काढ.” त्याने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी तो अर्धवट रंगवलेल्या खोलीत मेलेला सापडला. दंडात सुई तशीच होती. नंतर डॉक्टर ताईला म्हणाले, “सूज जुन्या सुयांच्या संसर्गाची होती. त्या संसर्गावर औषध होतं. गोळी थांबवायची गरज नव्हती.” घरी आईने विचारलं, “काय म्हणाले गं?” ताई नजर न उचलता म्हणाली, “लिव्हरच गेलं होतं म्हणाले, आई. कुणाच्या हातात काही नव्हतं.”