मुळ्याचे कंदील

चमचा मुळ्याच्या तळाला लागला तशी ब्रोना थांबली. आणखी कोरलं असतं तर भोक पडलं असतं. तिने मुळा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. भिंत सगळीकडून सारखी झाली होती.

"प्रयोगशाळा नाहीये ही," डर्व्हला म्हणाली. "डोळे पाड, तोंड पाड, झालं. माझे चार झाले, तुझा अजून एकच."

"तुझ्या चारांतले दोन फुटलेत."

"भुतं आहेत गं ती. फुटकीच असणार."

दोघी हसल्या. आयर्लंडमध्ये त्यांच्या गावाकडे हॅलोविनचे कंदील सलगमचे करत. इथे कोरियातल्या चोंगजूत सलगम मिळाले नव्हते, पण मांडीएवढे जाड मुळे बाजारात हवे तेवढे होते. शिक्षकांच्या टेबलावर गराचा ढीग साचला होता. त्या शिकवत त्या इंग्रजीच्या क्लासच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी तो किमचीसाठी आधीच मागून ठेवला होता. चार वाजता मुलांची बस येणार होती आणि मागोमाग त्यांच्या आया.

डर्व्हलाने गालांवर मांजरीच्या मिशा रंगवल्या होत्या. ब्रोना चेटकीण होणार होती, पण टोपी अजून खुर्चीला अडकवलेली होती.

"कार्यक्रम संपला की बोलते संचालिकाबाईंशी," ब्रोना म्हणाली. "आज खुशीत असतील."

"बघ बाई," डर्व्हला मुळ्याकडे पाहत म्हणाली.

समुद्राकाठच्या गांगनुंग गावातल्या एका शाळेने ब्रोनाला जागा देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत इथून कार्यमुक्तीचं पत्र मिळालं नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. पत्राशिवाय कुठे जाता येत नव्हतं, कारण व्हिसा या क्लासच्या नावाने होता. हे सगळं तिने एकट्या डर्व्हलाला सांगितलं होतं.

दार उघडून संचालिका मिनबाई आत आल्या. डोक्यावर भोपळे लावलेला हेअरबँड, हातात कागदांचा गठ्ठा.

"ब्रोना टीचर, डर्व्हला टीचर, हात पुसा आणि एवढ्या घड्या घालून द्या. आज प्रत्येक आईच्या हातात पडले पाहिजेत."

नवीन वेळापत्रक होतं, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचं. मोठ्या मुलांच्या सगळ्या तासांपुढे ब्रोनाचं नाव होतं आणि वर अर्धं पान भरून तिचा फोटो. हिरवं जाकीट, गच्चीवरचा वारा, डोळे मिटून हसणारी ती.

हा फोटो ब्रोनाने कोणाला दिला नव्हता. तिच्याकडे तो नव्हताच. गांगनुंगहून होकार आला त्या संध्याकाळी डर्व्हलाने तो स्वतःच्या फोनवर काढला होता.

"छान आलाय ना?" मिनबाई म्हणाल्या. "किती आनंदात दिसता! आयांना हसऱ्या टीचर आवडतात."

"मॅडम, मला तुमच्याशी जरा—"

"आज सण आहे. आज कशाला?" मिनबाईंनी तिच्या बाहीवरचा मुळ्याचा तुकडा अलगद उचलून टेबलावर ठेवला. "आणि गांगनुंगला हिवाळ्यात समुद्राचा वारा फार बोचतो म्हणतात. जायचं तर माणसाने मार्चमध्ये जावं. तेव्हा पत्र मी स्वतः लिहीन. चांगलं लिहीन."

त्या गेल्या. ब्रोनाने एक कागद घेतला, कडेला कड जुळवली, नखाने घडी दाबली. मग दुसरा घेतला.

"त्यांनी विचारलं, ब्रोना इथे खूश आहे का," डर्व्हला म्हणाली. "खोटं कसं बोलणार मी?"

"म्हणून गावाचं नाव सांगितलंस."

डर्व्हलाने गठ्ठ्यातला एक कागद आपल्याकडे ओढला.

"आणि फोटो?"

"एखादा हसरा असेल तर दे म्हणाल्या. मला काय माहीत त्या छापणार आहेत ते?" तिचा आवाज चढला, मग खाली आला. "तू गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये मी एकटी काय करू, सांग ना. चारच महिने गं. मग दोघी मिळून जाऊ."

"तिथे जागा एकच आहे, डर्व्हला."

"माहीत आहे मला."

खाली बसचा हॉर्न वाजला.

जिन्यावरून वटवाघळं, सांगाडे आणि एक छोटी राणी ओरडत वर आली. ब्रोनाने टोपी घातली आणि दाराशी उभी राहून चॉकलेटं वाटली. पलीकडे डर्व्हला वेळापत्रकं वाटत होती. राणीच्या आईने कागद उघडून पाहिला आणि ब्रोनापुढे वाकून नमस्कार केला.

"फेब्रुवारीपर्यंत तुम्हीच आहात ना? मग हिच्या भावालाही घालते. गेल्या वेळच्या टीचर मध्येच गेल्या, तर दोन महिने रडत होती ही."

ब्रोनाने वाकून नमस्कार केला. "हो," ती म्हणाली. "आहे मी."

शेवटी फोटो. मिनबाईंनी मुलांना फळ्यापुढे तीन ओळींत बसवलं, मागे मधोमध दोघी परदेशी टीचरना उभं केलं आणि स्वतः फोन घेऊन समोर गेल्या.

"बदाम करा, बदाम!"

मुलांनी जोड्या लावल्या. एकाचा डावा हात, दुसऱ्याचा उजवा, डोक्यावर वळवून टोकाला टोक. डर्व्हलाने लगेच आपला अर्धा बदाम वर धरला. तिच्या एका गालावरच्या मिशा पुसल्या गेल्या होत्या. ब्रोनानेही हात वर केला.

मिनबाईंनी मोजायला सुरुवात केली. दोनवर थांबल्या. फोनच्या पडद्याकडे नीट पाहिलं.

"ब्रोना टीचर, हात थोडा आत. मध्ये फट दिसतेय."

ब्रोनाचा हात होता तिथेच राहिला. डर्व्हलाने आपली बोटं लांबवली आणि फट बुजवली.